नवा रंग, जुनी कडी

जाहिरात अवघ्या पाच ओळींची होती. ‘गिरगाव–सी. पी. टँक परिसरात संपूर्ण नूतनीकरण केलेले स्टुडिओ अपार्टमेंट विक्रीस. चटई क्षेत्र ३०० चौरस फूट. आत स्वतंत्र शौचालय, मॉड्युलर स्वयंपाकघर. बाजार, मंदिर, रेल्वे स्थानक चालत्या अंतरावर. किंमत ६२ लाख.’ माझ्या थोरल्या बहिणीने, आमच्या अक्काने, ती मला दूरध्वनीवरून दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्या वेळी ‘मंदिर’ या शब्दाशी तिचा आवाज क्षणभर थांबला, हे माझ्या लक्षात आले.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. अक्का तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. १९७५ साली सांगली जिल्ह्यातून लग्न होऊन ती मुंबईस आली, ती सी. पी. टँकमागच्या एका गल्लीतील एका खोलीत. दाजी सरकारी कचेरीत कारकून होते. सकाळी भुलेश्वरच्या दिगंबर जैन मंदिरात दर्शन, येताना भाजी, आणि मग स्वयंपाक, असा तिचा एकोणीस वर्षांचा क्रम. पुढे मुलगा मोठा झाला, खोली अपुरी पडू लागली, आणि १९९४ मध्ये खोली सोडून त्यांनी डोंबिवलीस दोन खोल्यांचे स्वतःचे घर घेतले. दाजी गेल्यानंतर त्या घरात ती एकटी उरली. मुलगा बंगळुरूस. ‘माझ्याकडे ये’ असे तो मनापासून म्हणतो. परंतु अक्काला जायचे होते ते गिरगावात.

मी बँकेत चौतीस वर्षे नोकरी केली. त्यातील निम्मी वर्षे कर्जविभागात, इतरांच्या घरांची कागदपत्रे वाचण्यात गेली. त्यामुळे घरातील कोणाचाही जागेचा प्रश्न निघाला की तो माझ्याकडे येतो. अक्का म्हणाली, “तू एकदा बघून सांग. तू ‘हो’ म्हणालास की डोंबिवली विकते.” तिच्यापाशी असलेले सारे त्या एका वाक्यात होते. म्हणून मी जाहिरात बाजूला ठेवली आणि खोली पाहावयास निघालो.

एका खोलीचा इतिहास

गिरगाव, ठाकूरद्वार, सी. पी. टँक, भुलेश्वर, काळबादेवी हा सारा भाग जुन्या मुंबईचा कणा. सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल यांचा तलाव. तलाव बुजून कित्येक पिढ्या झाल्या, नाव मात्र राहिले. त्याच नाक्याजवळ हिराबाग धर्मशाळा आहे. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ ती बांधली. पंडित नाथूराम प्रेमी यांचे ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर’ कार्यालय याच हिराबागेत होते. थोड्या अंतरावर केशवजी नाईक यांच्या चाळी. मुंबईतील सार्वजनिक गणेशोत्सव तेथे १८९३ मध्ये सुरू झाला.

या भागातील बहुतेक घरे एका किंवा दोन खोल्यांची आहेत, याला कारण आहे. कोकणातून, देशावरून, गुजरातेतून माणसे नोकरीस आणि व्यापारास येत होती आणि जागा अपुरी होती. मालकाने चार मजले चढवावेत, प्रत्येक मजल्यावर सामाईक सज्जा काढावा, सज्ज्याच्या टोकाला सामाईक शौचालये ठेवावीत आणि एकेक खोली एकेका कुटुंबास भाड्याने द्यावी, अशी ही रचना. खोलीच्या एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्या कोपऱ्यात चूल, वर पोटमाळा. आज ज्याला ‘स्टुडिओ अपार्टमेंट’ म्हणतात, ती हीच खोली होय. फरक एवढाच की तेव्हा तिच्यात सात माणसे राहत.

दुसरे महायुद्ध आणि त्यानंतरची घरटंचाई या काळात भाडी भडकू नयेत म्हणून भाडेनियंत्रण आले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हे प्रमाण मानले. त्यामुळे भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण मालकाच्या हाती येणाऱ्या रकमेत इमारतीची डागडुजीही होईना. भाडे वाढत नाही आणि भाडेकरू निघत नाही, अशा स्थितीत खोलीचा ताबा देताना एकरकमी पैसे घेण्याची रीत पडली. तिला आपण पागडी म्हणतो. जुन्या कायद्यात ती गुन्हा होती, तरीही सर्रास चाले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याच्या कलम ५६ ने अशी रक्कम घेण्यास मान्यता दिली.

एवढा इतिहास सांगण्याचे कारण असे की, जाहिरातीत ज्याला ‘अपार्टमेंट’ म्हटले होते, ते या कायद्याच्या भाषेत अपार्टमेंट नव्हतेच.

चौसष्ट पायऱ्या

इमारत चार मजली, स्वातंत्र्यपूर्व काळातील. जिना लाकडी, कठडा हातांनी गुळगुळीत झालेला. खोली तिसऱ्या मजल्यावर. मी पायऱ्या मोजल्या. चौसष्ट भरल्या. अक्का प्रत्येक वळणावर थांबत होती, पण चेहऱ्यावर थकवा दिसू देत नव्हती. दुसऱ्या मजल्यावर कोणाच्या तरी दारात रांगोळी काढलेली होती. ती पाहून म्हणाली, “बघ, अजून काढतात.”

खोली उघडली आणि खरोखर डोळ्यांना बरे वाटले. पांढऱ्या भिंती, छतात बसवलेले दिवे, गुळगुळीत विट्रिफाइड फरशी, भिंतीतून खाली येणारा पलंग, ओट्याखाली सरकणारे कप्पे. मोरीच्या जागी काचेच्या दाराचे न्हाणीघर आणि शौचालय. खिडकीतून समोरच्या छपराची जुनी मंगलोरी कौले दिसत होती. अक्का खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

मी खिशातून मोजपट्टी काढली. बँकेतील सवय. खोली बारा फूट बाय अठरा फूट, म्हणजे २१६ चौरस फूट. जाहिरातीतील ३०० चौरस फुटांत सामाईक सज्ज्याचा भाग आणि पोटमाळा धरलेला होता. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ मध्ये चटई क्षेत्राची व्याख्या स्पष्ट आहे: घराच्या आतील वापरण्याजोगी जमीन, आतल्या भिंतींसह. बाहेरच्या भिंती आणि सज्जा त्यात येत नाहीत. ‘अपार्टमेंट’प्रमाणे ‘चटई क्षेत्र’ हा शब्दही जाहिरातीत सैल वापरला होता.

विक्रेता तिशीतला तरुण होता. आजीच्या नावावरील खोली तिच्या पश्चात त्याच्याकडे आली. सात लाख रुपये, तेही बरेचसे वैयक्तिक कर्ज काढून, त्याने या नूतनीकरणात घातले होते. खोली विकून विरारकडे मोठे घर घ्यावे, मुलीला स्वतंत्र खोली मिळावी, एवढीच त्याची इच्छा. बोलणे सरळ होते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे निघाले त्यात कोणी खलपुरुष नव्हता.

विकत काय मिळत होते?

मी कागद मागितले. मध्यस्थाने एक जाड पाकीट पुढे केले. आत विजेचे देयक, आजीच्या मृत्यूचा दाखला आणि भाडेपावत्या. दरमहा भाडे तीन आकडी. म्हणजे विक्री होती ती भाडेहक्काची. खोली मालकाचीच राहणार. आपण ६२ लाख देऊन तिचे भाडेकरू होणार, आणि पावती आपल्या नावे फिरवण्यासाठी मालकाला त्याचा वाटा देणे ओघाने आलेच.

भाडेहक्क घेणे चूक आहे असे मी म्हणत नाही. या भागातील हजारो कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या याच हक्काने सुखाने राहत आहेत. पण मालकी घेताना आपण जे गृहीत धरतो, त्यातील पुष्कळ येथे लागू होत नाही, ते असे.

पहिले, कर्ज. मालकीच्या घराला बँक रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेत कर्ज देते: तीस लाखांपर्यंतच्या कर्जास घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत, तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जास ऐंशी, त्यापुढे पंचाहत्तर टक्के. पागडीच्या खोलीस बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत, कारण गहाण ठेवण्यास मालकीच नसते. म्हणून खरेदीदाराची सारी रक्कम स्वतःची लागते, आणि उद्या विकायची झाल्यास गिऱ्हाईकही तसेच रोख पैसेवाले शोधावे लागते.

दुसरे, वारसा. भाडेकरूच्या मृत्यूनंतर हक्क जातो तो त्याच्याबरोबर त्या घरात राहत असलेल्या कुटुंबीयाकडे; तसा कोणी नसल्यास वारसाकडे, आणि एकमत न झाल्यास न्यायालय ठरवते. मृत्युपत्र लिहून हा हक्क हव्या त्या व्यक्तीस देता येत नाही. अक्काचा मुलगा बंगळुरूस राहतो, हे येथे विचारात घ्यावे लागत होते.

तिसरे, कुलूप. पुरेशा कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरात नसेल, तर तेवढ्यावरून मालक ताबा मागू शकतो. म्हातारपणी मुलाकडे सहा महिने जाऊन राहणे ही साधी गोष्ट. पण पागडीच्या खोलीत तिलाही हिशेब लागतो.

चौथे, आणि आमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे, नूतनीकरण. मालकाच्या लेखी संमतीशिवाय जागेत कायमस्वरूपी बांधकाम करणे हे ताबा गमावण्याचे एक कारण कायद्यात सांगितलेले आहे. लाकडी आडभिंत, स्वयंपाकाचा ओटा, खोटे छत, वातानुकूलन यंत्र या गोष्टी आवश्यक तेथे पालिकेच्या परवानगीने केल्या, तर त्या कायमस्वरूपी बांधकामात धरल्या जात नाहीत. त्या यादीत शौचालय मात्र नाही.

“मालकांची लेखी संमती आहे का?” मी विचारले.

“भाडं न्यायला त्यांचे मुनीम येतात, ते ‘चालतं’ म्हणाले होते, काका,” तो तरुण म्हणाला.

मध्यस्थ हसून म्हणाला, “साहेब, इथं सगळ्यांनीच केलंय.”

मध्यस्थाने आणखी एक गोष्ट सुचवली. रकमेतील काही भाग रोखीने द्यावा. मी तेथेच नकार दिला. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्यास मान्य नाही, आणि उद्या तंटा झालाच तर दिलेल्या रोखीचा पुरावा आपल्याकडे नसतो. अक्काचे दाजी सरकारी नोकरीत एक पेनही घरी आणत नसत. तिलाही हा मुद्दा समजावून सांगावा लागला नाही.

पुनर्विकासाची आशा

यावर मध्यस्थाने आपले शेवटचे अस्त्र काढले. “आज दोनशे फूट, उद्या पुनर्विकासात तीनशेच्या वर आणि मालकीचं!”

यात तथ्य आहे. ही इमारत उपकरप्राप्त होती. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या, भाड्याने दिलेल्या अशा इमारतींकडून उपकर घेऊन त्यांची दुरुस्ती करण्याची जबाबदारी शासनाने कायद्याने उचलली. म्हाडाचे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ हे काम पाहते. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि त्यानंतरच्या ‘क’ वर्गात मोडतात. विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या नियमाखाली अशा इमारतीचा पुनर्विकास झाल्यास निवासी भाडेकरूस किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे घर मालकीने मिळते. गिरगावात असे मनोरे उभे राहिले आहेत आणि त्यांत जुनी कुटुंबे राहावयास गेली आहेत.

मात्र ‘उद्या’ हा शब्द फार लांबणीचा आहे. मालकाचे वारस अनेक असतात, भाडेकरूंत मतभेद असतात, प्लॉट लहान असतो, विकासक मध्येच थांबतो. तोवर संक्रमण शिबिर, नाहीतर भाड्याचे घर. तिशीतल्या खरेदीदाराने या आशेवर पैसे गुंतवले तर त्याच्यापाशी वाट पाहण्यास वय असते. एकाहत्तरीच्या माणसाने तसे करावे का, हे मी मध्यस्थाला नाही, अक्काला विचारले. ती म्हणाली, “मला तीनशे फूट नको रे. मला सकाळी चालत देवळात जायचंय.”

पायाखालची कडी

तिचे ते उत्तर ऐकून मी कागद मिटले आणि इमारतीकडे वळलो. बँकेसाठी मूल्यांकन करणारे एक स्थापत्य अभियंता माझे जुने स्नेही आहेत. पुढच्या रविवारी त्यांना घेऊन आम्ही पुन्हा गेलो.

जुन्या इमारतींची रचना त्यांनी अक्काला समजेल अशा शब्दांत सांगितली. भिंती जाड विटांच्या. त्यांवर सागवानी कड्या टेकवलेल्या, कड्यांवर पाट, पाटांवर चुन्याचा कोबा. सागवान कोरडे राहिले आणि त्याला हवा लागली, तर शंभर वर्षांतही त्याला काही होत नाही. त्याचा शत्रू म्हणजे ओल, आणि तीही कडीच्या भिंतीत रुतलेल्या टोकाशी. बाहेरून लाकूड धड दिसते, आत टोक कुजलेले असते.

छतातील एक दिवा काढून त्यांनी आत विजेरी टाकली. वरच्या मजल्याच्या कड्या दिसल्या. जुन्या, पण कोरड्या. मी सुटकेचा श्वास सोडला. ते म्हणाले, “या वरच्या घराच्या कड्या. आपण उभे आहोत त्या कड्या बघायच्या तर खालच्या घरी जावं लागेल.”

मग त्यांनी हिशेब मांडला. नवी फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून दोन इंच जाडी, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे शंभर किलो. वीस चौरस मीटरच्या खोलीत दोन टन. राहत्या घरात माणसे आणि सामान यांचा मिळून दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भार गृहीत धरतात. त्यातला निम्मा नुसत्या फरशीनेच खाल्ला होता. शौचालयाचा नळ बसवण्यासाठी चार फूट बाय चार फूट जागेत नऊ इंच विटांचा भराव घातला होता, त्याचे वजन अर्ध्या टनाहून अधिक. आणि या साऱ्याच्या पोटात रोज वाहणारे पाणी.

ते ऐकताना तो तरुण आमच्याकडे पाहतच राहिला. “कंत्राटदार म्हणाला, काही होत नाही. मला हे कोणी सांगितलंच नाही, काका.”

खालच्या मजल्यावर

एवढ्यावर आमचा निर्णय झाला होता. मी मध्यस्थाला ‘कळवतो’ म्हणून निघणार, तोच अक्का म्हणाली, “आणि खाली राहतात त्यांचं काय?”

खरे सांगतो, माझ्या मनात ते आले नव्हते. खरेदीदाराच्या नात्याने मला जे जाणून घ्यायचे होते ते मी जाणले होते. बँकेतही आम्ही तसेच करीत असू. प्रस्ताव नामंजूर, फाइल बंद. ज्या कारणास्तव नामंजूर केला, ते त्या इमारतीत राहणाऱ्यांना कळवावे असे कधी सुचले नाही. मी म्हणालो, “अक्का, आपण घेणार नाही. मग उगाच दुसऱ्यांच्या घरात कशाला?”

ती म्हणाली, “आपण घेणार नाही म्हणून दिसलेलं न दिसल्यासारखं होतं का?” आणि ती पायऱ्या उतरू लागली.

दारात रांगोळी होती तेच घर. सत्तरी ओलांडलेले जोडपे. त्यांच्याकडे खोटे छत नव्हते, कड्या उघड्या होत्या, तैलरंग दिलेल्या. बरोबर शौचालयाच्या खाली काळपट वर्तुळ उमटले होते. तेथला पलंग त्यांनी सरकवून ठेवला होता आणि त्या जागी एक पितळी पातेले होते. आजोबा म्हणाले, “थेंब थेंब येतं. पावसाळ्याचं असेल.” तेव्हा डिसेंबर चालू होता. अभियंत्यांनी स्टुलावर चढून कडीच्या टोकाला पेचकस टेकवला. जोर न लावता तो दीड इंच आत गेला.

कोणी काही बोलले नाही. तो तरुण आमच्या मागे दाराशी उभा होता. आजीने त्याला लहानपणापासून पाहिले होते. ती त्याला म्हणाली, “तू घाबरू नकोस. बस आधी.”

३१ ऑगस्ट २०१७ रोजी येथून फार दूर नसलेल्या भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळून ३३ जणांचे प्राण गेले, हे या भागातील प्रत्येकास आठवते. त्या घरात ते नाव कोणी उच्चारले नाही. पण सर्वांच्या मनात तेच असावे.

अभियंत्यांनी शुल्क न घेता दोन पानी टिपण लिहून दिले. त्या तरुणाने त्याच दिवशी शौचालयाचे पाणी बंद केले. पुढच्या आठवड्यात त्याने, खालच्या आजोबांनी आणि मजल्यावरील इतर भाडेकरूंनी मिळून मंडळाच्या विभागीय कार्यालयात आणि मालकाकडे अर्ज दिले. अर्जाचा मसुदा मी केला; तेवढे काम मला येते. अनेक खेपा घालाव्या लागल्या. पावसाळ्याआधी कडीखाली लोखंडी टेकू लागले, आणि दिवाळीपर्यंत कुजलेली कडी काढून तेथे लोखंडी तुळई बसली. तो तरुण अजून त्याच खोलीत राहतो. सज्ज्याच्या टोकाचे सामाईक शौचालय वापरतो. खोली विकण्याचा विचार त्याने सोडलेला नाही, परंतु आता मालकाची लेखी संमती आणि दुरुस्तीचे कागद हाती घेऊनच विकणार, असे त्याने मला सांगितले.

अक्काचे घर

आणि अक्का? जागा विकत घ्यावी लागते असे आपण धरून चालतो. गिरगावात राहणे आणि गिरगावात जागा घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मला स्वतःलाही उशिरा उमगले. डोंबिवलीचे घर आम्ही विकले नाही, भाड्याने दिले. पुनर्विकास होऊन लिफ्ट आलेल्या एका इमारतीत, मंदिरापासून दहा मिनिटांवर, एक खोली–स्वयंपाकघराची जागा अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराने घेतली. करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची आहे, ती केली.

डोंबिवलीच्या भाड्यात गिरगावचे भाडे निघत नाही. दरमहा सतरा हजारांची तूट येते, म्हणजे वर्षाला दोन लाख चार हजार. दाजींच्या कुटुंब निवृत्तिवेतनातून ती निम्मी भागते, निम्मी मुलगा देतो. दहा वर्षांत ही रक्कम वीस लाखांवर जाईल, भाडेवाढ धरल्यास त्याहून अधिक. बँकर म्हणून मला ती खुपते. परंतु डोंबिवलीचे घर तिच्या नावावर शाबूत आहे, मुलाकडे दोन महिने जाताना कुलपाची चिंता नाही, आणि गुडघ्यांना चौसष्ट पायऱ्या नाहीत. करार दर वेळी नवा करावा लागतो, घरमालकाने नाही म्हटल्यास पुन्हा शोधाशोध करावी लागेल, हा या मार्गातील दोष आहे आणि तो मी तिच्यापासून लपवला नाही.

विचारावयाचे सात प्रश्न

जुन्या वस्तीतील नूतनीकरण केलेली खोली पाहावयास जाणाऱ्या वाचकांनी पुढील प्रश्न लिहून न्यावेत.

१. विक्री मालकीची आहे की भाडेहक्काची? मालकीची असल्यास मागील सर्व नोंदणीकृत करार पाहावेत. भाडेहक्काची असल्यास भाडेपावत्यांची साखळी पाहावी आणि नवा भाडेकरार लेखी व नोंदणीकृत करून घ्यावा.

२. जमिनीच्या मिळकत पत्रिकेवर मालक म्हणून कोणाची नावे आहेत? संमती देणारा मालक तोच आहे का, की वारसांपैकी एकच?

३. केलेल्या प्रत्येक बदलास मालकाची लेखी संमती आणि आवश्यक तेथे पालिकेची परवानगी आहे का?

४. इमारत उपकरप्राप्त आहे का, कोणत्या वर्गातील? मंडळ दर वर्षी पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. तीत तिचे नाव आहे का? पालिकेची वा मंडळाची नोटीस आलेली आहे का?

५. संरचनात्मक तपासणी झाली आहे का? तीस वर्षांहून जुन्या इमारतीस ती आवश्यक आहे. अहवाल स्वतः वाचावा.

६. विकासकाशी करार झालेला असल्यास त्यात या खोलीच्या भाडेकरूचे नाव आणि क्षेत्र काय लिहिले आहे?

७. खालच्या घराचे छत कसे आहे? एकदा त्यांचे दार ठोठवावे.

पहिल्या सहा प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळतात आणि ती मला नोकरीने शिकवली. सातवा प्रश्न मी अक्काकडून घेतला आहे.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो होतो. गिरगाव आणि काळबादेवी ही भुयारी मेट्रोची स्थानके आता सुरू झाल्याने जाणे सोपे झाले आहे. सकाळी आम्ही दोघे दर्शनाला गेलो. परतताना ती भाजी घेण्यास थांबली, मग त्या जुन्या गल्लीत वळली. मी विचारले, “इकडे कुठे?” म्हणाली, “त्या आजींना मेथी द्यायचीये. त्यांना जिना उतरवत नाही.” मी खाली थांबलो. पिशवी घेऊन ती कठडा धरत दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली, आणि थोड्या वेळाने सज्ज्यातून वाकून म्हणाली, “वर ये, चहा टाकलाय त्यांनी.”